रादोयकाने मागून घेतलेलं झाड

रादोयका त्या दिवशी खोटं बोलली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून कुणी म्हणायला नको की झाकून ठेवलं. ब्रेझाना गावाच्या एकोणीस घरांसमोर, पाद्री आर्सेनियेच्या तोंडावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "काल पहाटे संत इलिया आला माझ्या स्वप्नात. व्हितोमिरच्या बागेच्या कडेला ओक आहे ना, त्याच्याकडं बोट दाखवलं न् म्हणाला, हेच माझं झाड."

स्वप्न पडायला आधी झोप लागावी लागते. सप्टेंबरपासून बाईला झोप कसली ती नव्हतीच.

पण इलिया गारा-विजांचा संत, आणि सभेला झाड हवंच होतं. गावाचा जुना झापिस, गिरणीजवळचा एल्म, त्या हिवाळ्यात मुळासकट उलथला होता. झापिस म्हणजे अंगावर क्रूस कोरलेलं गावाचं झाड. त्याची काडी मोडायची नाही, त्याच्याखाली भांडायचं नाही. स्पासोवदानच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी निशाणं, क्रूस घेऊन सगळं गाव शेतांमधून फिरत त्याच्याखाली येतं, पाव मोडतं, मग गारा आमच्या डोक्यावरून पलीकडच्या गावावर जाऊन पडतात. निदान जावं अशी अपेक्षा असते. झाडाशिवाय उन्हाळा काढायचा म्हणजे उघड्या डोक्यानं दगडांच्या पावसात उभं राहायचं. त्यामुळं रादोयकाचं बोलणं संपायच्या आत अर्ध्या लोकांनी क्रूसाची खूण केली होती.

"व्हितोमिर, नशीब काढलंस गड्या!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. व्हितोमिर हसला. न हसून सांगतो कुणाला? गावाच्या झापिसाला नाही म्हणणाऱ्याच्या दारचं पाणीसुद्धा कुणी पिलं नसतं. पण त्याचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला, आणि तो बघायलाच रादोयका सभेला आली होती.

आता सप्टेंबरात काय झालं ते.

रादोयका एकोणिसाव्या वर्षी डोंगरापलीकडून ब्रेझानात सून म्हणून आली. नवरा फुप्फुसाच्या दुखण्यानं लवकर गेला. दोन पोरं, सात शेळ्या, मिरचीचं वावर आणि एक जीभ, एवढ्यावर तिनं संसार ओढला. जीभ अशी की, तिच्या तोंडी लागण्यापेक्षा तिच्या कुत्र्याच्या तोंडी लागलेलं बरं असं गाव म्हणायचं. मुलगी लग्न होऊन चाचाकला गेली. मुलगा ल्युबिशा आईजवळ राहिला. चोवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला रोज कपाळ आपटून घेणारा उंचाडा, आणि आईच्या शिव्यांवर खो-खो हसणारा गावातला एकटाच माणूस.

त्या दिवशी ल्युबिशा शेजारधर्म म्हणून व्हितोमिरच्या बागेत आलुबुखार काढायला गेला. दुपारी व्हितोमिर ओरडत गावात आला. ल्युबिशा ट्रॅक्टरची ट्रॉली आणि ओकाचं खोड यांच्यामध्ये चिरडून मेला होता. "मी घरी जेवायला आलो होतो," व्हितोमिरनं पोलिसांना सांगितलं, "पोरानं एकट्यानंच ट्रॅक्टर मागं घेतला असेल. ब्रेक लावायचा विसरला न् मागं जाऊन उभा राहिला. मी पोचलो तेव्हा खेळ संपला होता, साहेब."

रादोयका रडली नाही. तिनं ट्रॅक्टरची सीट बघितली. सीट पार पुढं ओढलेली होती आणि वर उशी होती. व्हितोमिर बुटका, उशीशिवाय त्याला पुढचं दिसायचं नाही.

"साहेब, माझा पोरगा ह्या सीटवर बसला असता तर गुडघे त्याच्या कानाला लागले असते," ती म्हणाली.

"मावशी, दुःखात माणसाला काहीबाही दिसतं," साहेब म्हणाले आणि वही मिटली.

काहीबाही! त्यानंतर ती ओकापासून खाली झऱ्यापर्यंत चालत गेली. तिथं दगडावर ल्युबिशाची पाण्याची सुरई ठेवलेली, कान तुटका, काठोकाठ भरलेली. भरली कुणी आणि भरून इथंच ठेवली का, हे काही तिला उमगलं नाही. सुरई पदराखाली घेऊन ती घरी आली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

पोलिसांची वही मिटली तशी गावाची तोंडंही मिटली. जो तो मूग गिळून बसला. व्हितोमिरकडं मळणीचं यंत्र होतं, आलुबुखारच्या दारूची, राकियाची भट्टी होती, सगळ्यांची कामं त्याच्याशी. ओकाच्या सालीवर मात्र छातीच्या उंचीला ट्रॉलीच्या लोखंडानं पडलेली खाच होती. वसंतात व्हितोमिर करवत घेऊन ओकाकडं निघालेला रादोयकानं कुंपणावरून बघितला. "सावली पडते बागेवर," तो म्हणाला. "पडत असेल हो," ती म्हणाली. तेवढ्यात पाऊस आला म्हणून त्या दिवशी झाड वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सभेत संत इलिया.

क्रूस कोरायला आर्सेनिये सुरी घेऊन आला तेव्हा तिनं बोटानं जागा दाखवली. बरोबर खाचेवर.

पाद्री काही दूधखुळा नव्हता. "रादोयका, संत खरंच दिसला?"

"दिसला. तुम्हाला दिसला नाही त्याला मी काय करू?"

"मुलगा गेला म्हणून जागा पवित्र होत नसते, बाई."

"मग कशानं होते, फादर? तुमच्या सुरीनं? कोरा की मग, थांबलात कशाला?"

पाद्रीनं कोरला. तेल ओतलं. आणि त्या घडीपासून व्हितोमिरला त्या ओकाचं पानसुद्धा तोडायची सोय उरली नाही. दर स्पासोवदानला दोनशे पाय त्याचं गवत तुडवत यायचे. ज्या जागेकडं तो मान वळवत नव्हता तिथं टोपी काढून त्याला उभं राहावं लागायचं. रादोयका समोर उभी. हातात तुटक्या कानाची सुरई, झाडाच्या मुळाशी ओतायला वाइन भरलेली. ती प्रार्थना करत नसे, ती व्हितोमिरकडं बघत असे.

पण हे नुसतं तोंडी लावणं होतं. तिचा खरा डूख वेगळाच होता. सणाचं यजमानपद आमच्याकडं घरोघरी फिरतं, दर वर्षी एक घर. यजमानानं सुरीनं क्रूस ताजा करायचा. मग पाव दोन्ही हातांत धरायचा, पुढल्या वर्षीच्या यजमानानं समोरून धरायचा, दोघांनी तो फिरवायचा, वाइन शिंपायची, आणि 'ख्रिस्त आपल्यामध्ये आहे' असं एकमेकांच्या डोळ्यांत बघून म्हणत मोडायचा. दोघांच्या मनात किल्मिष असेल तर पाव मोडून उपयोग नाही, गारा ठरलेल्या. रादोयकानं घरं मोजली. यंदाच्या यजमानानंतर नऊ घरं, मग व्हितोमिरचं, आणि त्याच्या लगेच पुढं तिचं.

दहा वर्षं. बाईनं ठरवलं, दहा वर्षं मरायचं नाही.

आणि खरंच, कशी जगली बघा! मुलगी चाचाकहून फोन करकरून थकली, "आई, इकडे ये, हीटर आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टला काय चाटू?" ही म्हणायची, "मला इथं काम आहे."

निमोनिया झाला तेव्हा डॉक्टरला म्हणाली, "सात वर्षांची सोय करा, पुढचं मी मागत नाही." ती ओकाखालचं गवत काढायची, मुळांवरच्या मुंग्या हाकलायची, क्रूसावरची धूळ पदरानं पुसायची. सुरुवातीला हे सगळं व्हितोमिरला दिसावं म्हणून. पुढं पुढं तो घरी नसला तरी जायची, खोडाला पाठ लावून बसायची, मिरचीचे भाव न् शेळ्यांच्या खोड्या लेकाला सांगायची. घरच्या देव्हाऱ्यासमोर प्रार्थनेला तिची जीभ उचलत नसे, तिथं उचलायची. हे तिनं कुणाला कबूल केलं नाही.

शेवटी तो गुरुवार उजाडला. आदल्या वर्षी गारांनी गावाच्या निम्म्या बागा झोडपल्या होत्या, म्हणून बाया-बापडे सगळे धास्तावून आलेले. व्हितोमिर आता सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले. त्याच्या बायकोनं, ग्रोझदानानं, पाव सुंदर भाजला होता, वर कणकेची द्राक्षं आणि पाखरं. व्हितोमिरनं सुरी घेतली आणि क्रूस ताजा केला. वाकून क्रूसाचा मुकासुद्धा घेतला! रादोयकाच्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं जपलेल्या जागेवर ते ओठ!

मग त्यानं पाव पुढं केला. "धर, वहिनी."

रादोयकानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुजबूज झाली. पश्चिमेला डोंगरामागून ढग वर यायला लागले होते आणि सगळे आळीपाळीनं ढगाकडं आणि तिच्या हातांकडं बघत होते.

"रादोयका, पाव धर," आर्सेनिये म्हणाला.

"धरते की. आधी ह्याला सांगू दे, आमच्या दोघांमध्ये काय आहे."

"ख्रिस्त आहे," व्हितोमिर पुटपुटला.

"ख्रिस्ताला घाईनं मध्ये ओढू नकोस. त्याच्या आधी तिथं ट्रॅक्टरची सीट आहे."

"काकू, ढग बघा हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बघतेय. तुम्ही नाही का दहा वर्षं खाली मान घालून जमीन बघितली? आता घटकाभर वर बघा."

व्हितोमिरच्या हातांत पाव जड होत चालला. ग्रोझदाना नवऱ्याकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही जेवायला आलाच नव्हता. मी कुणाला बोलले नाही. आता तुम्ही बोला."

तेव्हा म्हातारा बोलला. पावाकडं बघत बोलला. ट्रॅक्टरवर तोच होता. सकाळपासून राकिया पीत होता. ल्युबिशा मागं उभा राहून ये, ये म्हणत होता आणि ह्याचा पाय ब्रेकवरून घसरला. ट्रॅक्टर पुढं घेतला तर पोरगा मुळाशी कोसळला.

"मेला होता?" रादोयकानं विचारलं.

"नाही." त्यानं पावावरचं कणकेचं पाखरू अंगठ्यानं दाबलं. "पाणी मागितलं त्यानं. मी सुरई घेऊन झऱ्यावर पळालो. भरली. आणि तिथंच बसलो. वाटलं, हा जगला तर सांगेल."

"किती वेळ बसलास?"

"तो... तो हाका मारायचा थांबेपर्यंत."

रादोयकाचा पुतण्या मुठी आवळून पुढं झाला. तिनं त्याला हातानं अडवलं. "झापिसाखाली नाही. हात लावशील तर याद राख." ती खोडाला टेकली. सीटचं तिला ठाऊक होतं. हाकांचं नव्हतं. तेवढंच तिच्या वाट्याला नव्यानं आलं, आणि ते मागून घेतलं होतं तिनंच.

मग तिनं मुळाशी ठेवलेली सुरई उचलली, तिच्यातली वाइन गवतावर ओतून टाकली आणि रिकामी सुरई व्हितोमिरसमोर धरली.

"जा. पाणी आण."

"वहिनी..."

"त्यानं मागितलंय ना? मग आण. अकरा वर्षं होत आली. कुणी मदत करायची नाही त्याला."

पाव ग्रोझदानाच्या हाती देऊन म्हातारा निघाला. झरा खाली घळीत, वाट निसरडी. सगळं गाव निशाणं धरून उभं. गार वारा सुटला. कितीतरी वेळानं व्हितोमिर वर आला, गुडघ्याला चिखल, धाप लागलेली, बाह्या ओल्या. रादोयकानं सुरईत डोकावलं.

"अर्धंच आहे. त्या दिवशी भरलेली सोडून गेलास तू. भरलेली आण."

म्हातारा परत उतरला. या वेळी सुरई दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाऊल पाऊल टाकत, एक थेंब सांडू न देता वर आला. रडत होता. रडू दे. रादोयकानं त्यालाच गुडघ्यांवर बसवलं, मुळाशी पाणी ओतायला लावलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग स्वतः खाली बसली, ओल्या मातीवर तळवा ठेवला.

"पी रे माझ्या राजा," ती म्हणाली. "उशीर झाला."

ती उठली, हात पदराला पुसले आणि ग्रोझदानाकडून पाव मागून घेतला. समोरून व्हितोमिरला धरायला लावला. फिरवला, म्हणायचं ते म्हटलं, मोडला. आपला तुकडा पदरात टाकला.

"पुढल्या वर्षी पाळी माझी," ती त्याला म्हणाली. "पाणी तुझं. तुरुंगात घातलं तरी त्या दिवसापुरतं मागून आणीन तुला. आणि मरायची घाई करू नकोस, व्हितोमिर. मीही केली नाही."