मानेच्या वरील भागास किरकोळ दुखापत

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा मी सेक्रेटरी. निवृत्त मराठीचा मास्तर, म्हणजे कमिटीला फुकटचा लेखनिक. गोल केला की अभिनंदन मी लिहायचं, पंचाला शिव्या घातल्या की दिलगिरीही मीच.

त्या बुधवारी माझ्या बहिणीचा मुलगा, आमचा बचावपटू, चेंडू डोक्यानं मारायला उडाला आणि समोरच्याच्या डोक्यावर आपटला. उठला, हसला आणि आपल्याच गोलकीपरला विचारू लागला, "आज कोणाशी मॅच?" मग ओकला. म्हापशाच्या डॉक्टरनं बजावलं, महिनाभर खेळ बंद. पुन्हा डोक्याला लागलं तर जिवावर बेतेल. आणि रविवारी होती फायनल!

कमिटी बसली. पेपरात द्यायच्या निवेदनात मी लिहिलं, "डोक्यास गंभीर इजा." अध्यक्ष कडाडले, "डोक्याचो शब्द काढ मरे मास्तर! लोक भियेतत." मग 'डोक्यास'चं झालं 'मानेच्या वरील भागास'. 'गंभीर'चं 'किरकोळ' झालं. मानेच्या वर काय टोपी असते?  पण मी त्याचं शुद्धलेखन तपासलं, लाज वाटते सांगायला.

तरी कोणाला तरी शंका आलीच, म्हणून देवळात कौल लावला. भटजींनी देवाला विचारलं, "पोराच्या जिवाक धोको नाय मां?" मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. सगळ्यांनी हात जोडले. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याचा अर्थ झाला होता: देवानं खेळायला परवानगी दिली. अहो, देवाला फायनलबद्दल विचारलंच कुठे होतं? पण देव काही खुलासा पाठवत नाही. माझ्या निवेदनात एक ओळ वाढली: "खेळाडू ठणठणीत असून मैदानात उतरण्यास सज्ज आहे."

रविवारी सकाळी भाचा बूट घेऊन माझ्या दारात. मागे बहीण, डोळे सुजलेले. त्याच्या हातात पेपर होता.

"मामा, ह्या तूच लिवलंस मां? आई उगाच रडता. मी बरोच आसंय." उन्हाकडे बघताना त्याचे डोळे मिटत होते.

 लहानपणी ह्याला मीच शिकवलं होतं की छापील अक्षर खोटं नसतं.

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मी लिहिलंय, आणि खोटं आहे." त्याचे बूट मी हिसकावून घेतले आणि कपाटात घालून कुलूप लावलं. तो माझ्यावर ओरडला, मग डोकं धरून ओसरीवर बसला.

बहीण इतकंच म्हणाली, "दादा, आता ह्या घाल पेपरात."

फायनल आम्ही हरलो. रात्री अध्यक्षांचा फोन आला, लोक विचारतायत, काहीतरी द्यायला हवं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "सदर खेळाडू वैयक्तिक कारणास्तव उपलब्ध होऊ शकला नाही."

तेही मीच लिहिलं.