त्यांना इंजिनियर म्हणू नका

ताईचा फोन आला तेव्हा मी टीव्ही बघत होते. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे साहेब खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले होते, सरकारपुढे हात पसरायला. आणि कोट-टाय घातलेला एक माणूस आम्हाला समजावून सांगत होता की कंपन्या बुडाल्या त्या कामगारांच्या आणि त्यांच्या युनियनच्या हावरटपणामुळे. मी त्याला शुद्ध कोल्हापुरी मराठीत दोन शिव्या हासडल्या आणि फोन उचलला. वाटलं, भाऊजीच असणार. असलं काही टीव्हीवर लागलं की त्यांचा फोन ठरलेला. पण ताई होती. म्हणाली, "अगं, हे सकाळी उठलेच नाहीत..." मी तशीच गाडी काढून निघाले.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वसंत साळोखे. डेट्रॉईटजवळच्या वॉरनमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आमच्या महाराष्ट्र मंडळानं त्यांची शोकसभा घेतली, शेजारच्या ट्रॉय गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये. फोटो, हार, समई, सगळं नीटनेटकं. मग मंडळाचे अध्यक्ष अरुणराव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "ऑटो इंडस्ट्रीतले एक ज्येष्ठ इंजिनियर आज आपल्यात नाहीत." मला वाटलं, चुकून बोलून गेले. पण पुढच्या वक्त्यानंही इंजिनियरच म्हटलं, आणि तिसऱ्यानं तर त्यांना थेट मॅनेजर करून टाकलं. मी उठणार होते, तर ताईनं माझा हात घट्ट दाबून धरला. घरी परतताना म्हणाली, "असू दे गं. गेलेल्या माणसाला जरा मान मिळाला, तर तुझं काय बिघडलं?"

माझं बिघडलं. भाऊजी इंजिनियर नव्हते. ते कामगार होते, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. इंजिनियरच्या बरोबरीचं पद त्यांच्याकडे चालून आलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं होतं. हे त्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. जिवंतपणी ज्याला त्यांनी ठाम नाही म्हटलं, ते मंडळानं त्यांच्या फोटोला हारासारखं घालून टाकलं... याचा मला अजून संताप येतो.

ताई नर्स. आमच्या घरातून अमेरिकेला पहिली ती आली. भाऊजी कोल्हापुरात फिटर होते, ते तिच्या मागोमाग आले. बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा म्हणून सासरी-माहेरी दोन्हीकडे त्यांची यथेच्छ चेष्टा झाली आणि ते स्वतः ती सर्वांत रंगवून सांगायचे. कारखान्यात लागल्यावर सुरुवातीच्याच हिवाळ्यात एका फोरमननं त्यांना, तुझं इंग्रजी कळत नाही, म्हणून कामावरून काढलं. भाऊजी डबा घेऊन निघाले होते. तेवढ्यात अर्ल नावाच्या एका धिप्पाड काळ्या माणसानं त्यांना थांबवलं. तो त्यांच्या खात्याचा युनियनचा प्रतिनिधी. काय झालं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग फोरमनच्या खोलीत शिरून दार लावलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावर हजर होते. या देशात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेला पहिला माणूस तो, असं ते नेहमी सांगायचे.

मंडळात मात्र हे सांगायची सोय नव्हती. गणपतीत कुणी नवीन भेटलं की नावानंतर लगेच प्रश्न असतो, कुठल्या कंपनीत, कुठल्या डिपार्टमेंटला. भाऊजी ताटातली जिलेबी खात सांगायचे, "मशिन दुरुस्त करतो, युनियनमध्ये आहे." मग समोरच्याला एकदम हवामानाबद्दल बोलावंसं वाटायचं. मंडळातले बरेच जण ऑटो कंपन्यांत होते, पण कॉम्प्युटरपुढे बसणारे, आणि युनियन म्हणजे आळशी लोकांची टोळी यावर त्यांचं एकमत. भाऊजींना त्याचं फारसं काही वाटत नसे. मला वाटायचं. मी भांडायला उभी राहिले की तेच मला खाली बसवायचे.

२००१ नंतर कारखान्याला उतरती कळा लागली. आधी नवीन पोरांना घरी बसवलं, मग त्यांच्या आधीच्यांना. जुना माणूस सर्वांत शेवटी जातो हा युनियनचा नियम, त्यामुळे भाऊजी आणि अर्ल राहिले. मग कंपनीनं कोर्टात दिवाळं जाहीर केलं. दिवाळं निघालेल्या कंपनीच्या साहेबांना, त्यांनी सोडून जाऊ नये म्हणून, वेगळा बोनस मिळाला. कामगारांना कात्री. हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं असावं. कच्चं नव्हतं. आणि एक दिवस बातमी आली, की भाऊजींच्या खात्यातली मशिनं उचलून पुण्याजवळ चाकणला नेणार. शिकायला पुण्याहून तरुण इंजिनियर येणार, आणि त्यांना शिकवून पुढं चाकणला जायला सुपरवायझर हवा. मराठी येणारा.

सगळ्या कारखान्यात असा माणूस एकच होता. कंपनीनं भाऊजींना बोलावून सांगितलं, युनियन सोडा, साहेबांच्या बाजूला या, डॉलरमध्ये पगार घेऊन आपल्या मुलखात राहा. मंडळात बातमी पसरली आणि ज्यांना वर्षानुवर्षं हवामानाचाच उमाळा यायचा, ते घरी पेढे घेऊन आले. अरुणराव स्वतः आले होते. दूर अल्फारेटा शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा फोन, "बाबा, जस्ट टेक इट!" ताईला तर दुसरं काही सुचेना. रात्रपाळ्या करून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. तिला वाटत होतं, आता दोघांनी परत जावं, आमच्या आईजवळ राहावं. कारखान्यात मात्र भाऊजींच्या लॉकरवर कुणीतरी खडूनं लिहून गेलं, 'गो होम'. तेही असतातच. युनियनमध्ये सगळे अर्ल नसतात.

पुण्याची मुलं आली. थंडीनं गारठलेली, मोटेलमधला ब्रेड खाऊन कंटाळलेली. भाऊजींनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि मलाही मदतीला. तांबडा रस्सा, भाकरी, वर खरवस. त्यांच्यातला निखिल नावाचा मुलगा फार गोड होता. तो सारखा म्हणायचा, "काकू, एकदम कडक झालंय यार." जेवता जेवता त्यानं अगदी सहज विचारलं, "काका, मग तुम्ही आमच्याबरोबर चाकणला येताय ना? आम्हाला तर वाटलं, सगळं फायनल झालंय."

भाऊजींनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. म्हणाले, "पोरा, तुझ्यावर माझा राग नाही. तुला काम मिळतंय, नीट कर. पण माझ्या बाजूला अर्ल उभा असतो. तुला शिकवलं की तो घरी जातो."

निखिल हळूच म्हणाला, "पण काका, तुम्ही नाही शिकवलं तरी ते क्लोज करणारच आहेत."

"करू देत," भाऊजी म्हणाले. "माझ्या हातानं नको."

ताई स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, वाटी ठेवली आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मला म्हणाली होती, यांना अर्ल दिसतो, मी दिसत नाही. तिचं तरी काय चुकलं? मला तेव्हा तिचाही राग आला आणि तिची दयाही आली.

या नकारातून पुढं काही चांगलं घडलं असतं, तर हे लिहायला मला सोपं गेलं असतं. घडलं नाही. दुसऱ्या कुणीतरी शिकवलं, मशिनं गेली. उरलेला कारखाना चालू राहील एवढ्या आश्वासनावर युनियनच्या पुढाऱ्यांनी पगार निम्मा करायला सही केली. भाऊजी सभेत विरोधात बोलले, त्यांच्यामागून अर्ल बोलला, आणि दोघं हरले. वर्षभरात कारखाना तरीही बंद! ज्यांनी सही केली त्यांना मी काय म्हणते ते इथं छापता येणार नाही. मी भाऊजींना विचारलंही, अशा युनियनसाठी तुम्ही घर नाराज केलंत? ते म्हणाले, स्टेजवर बसलेली चार माणसं म्हणजे युनियन नव्हे. मग ते हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात लागले. साठीच्या घरात, एप्रन बांधून, लोकांना कुठले स्क्रू घ्यावेत ते सांगायचे. मंडळातले काही त्यांना तिथं बघून दुसऱ्या रांगेत वळायचे. तेच शोकसभेत पहिल्या रांगेत बसले होते.

तेराव्याला बर्फ पडत होता. घर माणसांनी भरलं होतं, अर्लही आला होता. इथल्या गाडी-कामगारांच्या घरी एक रिवाज असतो, परदेशी कंपनीची गाडी दारात लावू द्यायची नाही. भाऊजी तो काटेकोर पाळायचे. माझी गाडी जपानी. मी नेहमी पुढच्या रस्त्यावर लावून चालत यायची आणि ते दारात उभे राहून माझ्या बुटांवरच्या बर्फाची चौकशी करायचे. मंडळातलेही कुरकुरत रस्त्यावरच लावायचे. त्या दिवशी दारातली जागा मोकळी होती. अरुणराव आले आणि त्यांनी त्यांची नवी कोरी जपानी गाडी सरळ आत घेतली. ताईसाठी गप्प बसायचं, असं मी ठरवूनच आले होते.

ताई पानं वाढत होती. खिडकीतून तिनं बघितलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं, शाल ओढून घेतली आणि घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडली. मी मागोमाग धावले.

"अरुणराव, गाडी रस्त्यावर घ्या."

ते ओशाळं हसले. "अहो वहिनी, आता ते नाहीत..."

"ते नाहीत, पण घर कामगाराचंच आहे," ताई म्हणाली. "आणि ते इंजिनियर नव्हते. तुम्ही पेढे घेऊन आला होतात, तुम्हाला माहीत आहे."

अरुणरावांनी गाडी मागे घेतली. ती पूर्ण रस्त्यावर जाईपर्यंत ताई तिथंच उभी होती, सपाता भिजून चिंब. मी तिला आत नेऊ लागले तर तिनं हात सोडवून घेतला. दारात उभा असलेला अर्ल टोपी काढून बाजूला झाला. आत जाता जाता ती मला म्हणाली, "तू त्यांच्यावर लिहिणार होतीस ना? लिही. कामगार होते, असं लिही. मोठ्या अक्षरात."