बावीस वल्लरी

सत्यशीलाबाई खांबेटे यांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक, लक्ष्मी रस्ता ओलांडताना अंगावर येणारी रिक्षा आणि दुसरी, इंग्रजी. रिक्षा निदान हॉर्न तरी वाजवते. इंग्रजी मात्र दोन हजार सालच्या जूनमध्ये, शाळा उघडायला आठ दिवस असताना, एका पानाच्या परिपत्रकातून गुपचूप आलं. यंदापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी!

बाई नारायण पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होत्या. तिथली पद्धत अशी की पहिलीला जी बाई मिळेल, तीच मुलांबरोबर वर वर जात चौथीपर्यंत पोचवायची आणि मग पुन्हा खाली येऊन नवी पहिली घ्यायची. अशा सात फेऱ्या बाईंनी केल्या होत्या. ‘ग’ला काना कुठे द्यायचा हे न समजणारं पोर त्यांच्या हाताखालून वाचता न येता गेलं, असं कधी झालं नाही. पण त्यांचं स्वतःचं इंग्रजी? ते आठवीत सुरू झालं, अकरावीत अडतीस मार्कांवर संपलं आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांची विचारपूस केली नव्हती.

त्याच आठवड्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या उत्कर्षा मॅडम बाईंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन नियम सांगितले. व्याकरण सांगायचं नाही. भाषांतर करायचं नाही. चूक दाखवायची नाही.

बाईंनी हात वर केला. “अहो, मग शिकवायचं काय?”

“बोलायचं.”

“कोणी?”

“मुलांनी. आणि तुम्हीसुद्धा.”

“कोणती चूक दाखवायची नाही? मुलांची का आमची?”

सगळा वर्ग हसला. उत्कर्षा मॅडमही हसल्या, तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेलं. बाई पाच दिवस लिहून घेत होत्या. वही भरली, डोकं रिकामंच राहिलं.

घरी त्यांनी श्यामरावांना विचारून पाहिलं. श्यामराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. “अहो, तुम्ही तीस वर्षं हापिसात इंग्रजी केलंत. जरा बोलून दाखवा की माझ्याशी.”

श्यामरावांनी पेपर खाली केला नाही. “तीस वर्षं मी इंग्रजीत टिपणं लिहिली. बोलायची वेळ साहेबावरही आली नाही, माझ्यावरही नाही. आमटी उतू जातीये बघ.”

अशा सगळ्या मदतीनिशी बाई वर्गात उभ्या राहिल्या. समोर बावीस मुलं. पहिल्याच आठवड्यात शुभंकर काळभोर नावाच्या मुलानं त्यांची दांडी उडवली. हा पोरगा म्हणजे प्रश्नांचं पोतं.

“बाई, ‘यू’ म्हणजे तू का तुम्ही?”

“दोन्ही.”

“म्हणजे तुम्हालापण यू म्हणायचं आणि बंड्यालापण यू म्हणायचं?”

बाई गोंधळल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कोणी अरेतुरे केलं नव्हतं, आणि आता सरकारी पुस्तकच तशी सोय करून देत होतं. पुस्तक खोटं म्हणता येईना आणि खरं मानवेना. शेवटी त्या म्हणाल्या, “मला नाही म्हणायचं. खाली बस.”

पुढचे चार दिवस त्यांना झोप लागली नाही. काय चुकतंय, कुठे चुकतंय, काही उमजेना. नियम सांगायचे नाहीत, अर्थ सांगायचा नाही, मग या पोरांच्या डोक्यात इंग्रजी शिरणार कुठून? आणि मग एका दुपारी, सुट्टीनंतर मुलं नेहमीसारखी पाढे म्हणत असताना, त्यांना मार्ग सापडला. बे एके बे, बे दुणे चार! अहो, पाढ्याचा अर्थ कोण विचारतं? एकानं पुढे उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. चालीवर बसलं की जन्मभर विसरत नाही.

पुढे उभं करायला त्यांनी वल्लरी ढोमणेला निवडलं. वल्लरीचे आईवडील अमरावतीकडून आलेले. वडील, सीताराम, हे अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात कामाला. मुलगी एवढीशी, पण आवाज असा खणखणीत की शेजारची दुसरीची तुकडी गप्प व्हायची. बाईंनी तिला तीन वाक्यं शिकवली. “माय नेम इज वल्लरी. आय ॲम अ गर्ल. आय लिव्ह इन पुणे.” वल्लरी म्हणायची आणि मागून एकवीस जण पाढ्याच्या चालीत म्हणायचे, “माय नेम इज वल्लरी, आय ॲम अ गर्ल.” आधी चाल बसू दे, नावं नंतर बदलू, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं. पण चाल इतकी झकास बसली की ते ‘नंतर’ राहूनच गेलं. ऑगस्टपर्यंत ती वाक्यं बाईंच्याही तोंडात इतकी घोळली की भांडी लावताना, वेणी घालताना त्यांच्या ओठांवर तेच असायचं. त्यांना खरंच वाटायला लागलं की, जमलं की हो आपल्याला!

जानेवारीत हेडसरांनी त्यांना बोलावलं. गोपाळकृष्ण मराठे सर भला माणूस, पण वाईट बातमी सांगताना चष्मा पुसायचे. त्यांनी चष्मा काढला, तसं बाईंनी ओळखलं.

“बाई, तुमच्या तुकडीत बावीस. संस्थेचा नियम वीसचा. एकोणीस झाले की तुकडी बंद.”

“मग आहेत की बावीस.”

“तीन पालकांनी इंग्रजी शाळेचे फॉर्म आणलेत. काळभोर, ढोमणे आणि ते कोपऱ्यावरचे सराफ. तिघं गेले तर उरलेली मुलं दुसऱ्या शाळेत वाटली जातील आणि तुम्हाला संस्था वाघोलीच्या शाखेत टाकेल. तिथे प्राथमिकचे वर्ग नाहीत. कार्यालयात बसावं लागेल.” सर पुन्हा चष्मा पुसू लागले. “शनिवारी पालकसभा आहे. त्यांना दाखवा, आपली मुलंही इंग्रजी बोलतात.”

बाई बाहेर आल्या आणि जिन्यातच बसल्या. कार्यालयात बसायचं? मुलांशिवाय? मुलांच्या गलबल्याशिवाय दुपारी दोन वाजता काय करतात माणसं? पण मग त्यांना आपला पाढा आठवला आणि जीव भांड्यात पडला. त्या उठल्या, पदर खोचला आणि शनिवारपर्यंत बावीस पोरांचा घसा बसेस्तोवर सराव घेतला.

शनिवारी पालक मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. शुभंकरचे वडील दिग्विजय काळभोर खराडीला कॉम्प्युटर कंपनीत होते. सकाळी आठला मोटारसायकलवर निघायचे आणि मुलगा जेवून झाल्यावर घरी यायचे. त्यांच्या खिशातून फॉर्मचं निळं टोक बाहेर डोकावत होतं. बाईंची नजर सारखी तिकडेच जायची.

“मॅडम, मी विचारू का काही?” काळभोर म्हणाले.

“विचारा की. आणि बाई म्हणा, मला तीच सवय आहे.”

काळभोरांनी आपल्याच मुलाकडे पाहिलं. “शुभंकर, व्हॉट इज युवर नेम?”

शुभंकर ताडकन उभा राहिला. हाताची घडी घातली, मान वर केली आणि पाढ्याच्या चालीत, एका दमात म्हणाला, “माय नेम इज वल्लरी! आय ॲम अ गर्ल! आय लिव्ह इन पुणे!” आणि तो थांबतो न थांबतो तोच सवयीनं अख्खा वर्ग उठून गरजला, “माय नेम इज वल्लरी! आय ॲम अ गर्ल!”

बाईंचा ऊर भरून आला. एक शब्द चुकला नाही, एक सूर हलला नाही! त्यांनी कौतुकानं पालकांकडे पाहिलं, तर पालक हसत होते. आधी तोंडावर हात धरून, मग बाकं वाजवून. सराफांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हेडसर चष्मा पुसत होते. बाईही हसल्या, कारण सगळे हसत होते, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काळभोर हसत नाहीत. अरे, झालं काय? काय चुकलं? त्यांनी मनातल्या मनात तिन्ही वाक्यं पुन्हा म्हणून पाहिली. बरोबर तर होती.

काळभोर हळूच म्हणाले, “बाळा, तुझं नाव काय?”

“शुभंकर.”

“मग इंग्रजीत?”

“इंग्रजीत वल्लरी,” शुभंकर म्हणाला. एवढं साधं बाबांना कसं कळत नाही, असा त्याचा चेहरा होता. “इंग्रजीत सगळ्यांचं वल्लरीच असतं, बाबा.”

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो अंगावरच पडला. कानशिलं तापली. सात महिने! सात महिने आपण ही बावीस पोरं एका मुलीच्या नावानं वाढवली आणि आपल्या कानाला खटकलं नाही? पोरं लोकांच्या हसण्यानं बावरून बाईंकडे पाहत होती. वल्लरीचा तर चेहराच पडला होता, जणू आपलं नावच वाईट निघालं.

बाई पुढे झाल्या. “हसू नका हो पोरांना. त्यांनी मी शिकवलं तेच म्हटलं. चूक माझी आहे, माझ्या एकटीची.” मग त्या शुभंकरसमोर उकिडव्या बसल्या. “आता तू मला विचार. मी सांगते, प्रत्येकानं आपलं आपलं नाव कसं सांगायचं ते. विचार.”

“व्हॉट इज युवर नेम?” शुभंकरनं विचारलं.

आयुष्यात त्यांना हा प्रश्न इंग्रजीत कोणी विचारलाच नव्हता. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. “माय नेम इज...” आणि सात महिन्यांची जीभ आपल्या वाटेनं निघून गेली. “माय नेम इज वल्लरी.”

बोलल्या आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. आता वाघोली! आता कोणी वाचवत नाही! पालकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. पण शुभंकर हसला नाही. तो बाईंकडे काळजीनं बघत होता, आजारी माणसाकडे बघावं तसा.

“नाही बाई. वल्लरी ती आहे. तुम्ही... यू...” तो अडखळला. बाईंनी नाही म्हणून सांगितलेलं त्याला आठवलं असावं.

“म्हण,” बाई पदराआडून म्हणाल्या. “म्हण रे राजा.”

“यू आर सत्यशीलाबाई.” एवढं बोलून तो थांबला, काहीतरी जुळवत राहिला आणि मग पाढ्याची चाल सोडून, साध्या आवाजात म्हणाला, “आय ॲम शुभंकर. आय ॲम... वल्लरी इज अ गर्ल. आय ॲम नॉट.”

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी तर नाहीच. मग एकेक जण उठला. कोणी नाव सांगितलं, कोणी नुसतं “आय ॲम” म्हणून रडायला लागलं, एकानं आपण पुणे असल्याचं सांगितलं. उत्कर्षा मॅडमचा तिसरा नियम बाईंना आठवला. त्यांनी कुणाचीच चूक दाखवली नाही, कारण बरोबर कोणतं याची त्यांनाही खात्री नव्हती.

सभा संपल्यावर काळभोर मागे राहिले. “बाई, माझा मुलगा जूनपासून वल्लरी होता. मला आज कळलं. घरी मी त्याला एकदाही विचारलं नाही.” एवढंच बोलून ते हेल्मेट घेऊन निघून गेले. फॉर्म तसाच खिशात होता. याचा अर्थ राहणार की जाणार, हे बाईंना काही कळलं नाही.

ढोमण्यांचं मात्र लगेच कळलं. सीतारामनं सोमवारीच दाखल्याचा अर्ज आणला. “बाई, पोरीचं इंग्रजी तुम्ही इतकं पक्कं केलं जी, सगळा वर्ग तिच्या मागून बोलतो. मंग इंग्रजी शाळेतच टाकावं म्हटलं.” त्याचे हात जोडलेले होते आणि डोळे भरले होते. बाईंनी अर्जावर सही केली. जी एकटीच खरं नाव सांगत होती, तीच चालली! याला काय म्हणावं? सराफांचा मुलगाही गेला. काळभोरांनी दाखला मागितला नाही, पण राहतो असंही सांगितलं नाही.

जूनमध्ये दुसरीचा वर्ग भरला. बाई हजेरीपट उघडून बसल्या. मुलं अजून दप्तरांत डोकी खुपसून होती, कोण आलं कोण नाही दिसेना. बाई नावं घेऊ लागल्या आणि मुलं एकेक करून “येस बाई” म्हणू लागली. “शुभंकर काळभोर” म्हणून त्या थांबल्या.

“येस बाई.”

बाईंनी श्वास सोडला. त्या सुटलेल्या श्वासाच्या भरात जीभ पुन्हा जुन्या वाटेनं गेली आणि पटावर नसलेलं नाव त्यांनी पुकारलं, “वल्लरी ढोमणे.”

म्हटलं आणि त्यांनी जीभ चावली. पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. मग मागून कुणीतरी, बहुतेक शुभंकरनंच, पाढ्याच्या चालीत सूर लावला आणि सगळी पोरं खिदळत उठून ओरडली, “येस बाई!”

बाई हसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. पट त्यांनी मिटून ठेवला. मोजायची गरज नव्हती, आवाज वीस होते.