आयेच्या गाडीचं पॅकिंग

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. जळकं ऑइल न्यायला अधूनमधून टेम्पो तरी येतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, उलट येणारा प्रत्येक जण एखादा इथेच टाकून जातो! आमच्या उरणच्या गॅरेजात तर आता पाय ठेवायला जागा नाही. आज जरा साफसफाई करतो.

गॅरेज आम्हा दोघांचं. मी दिलीप, वायरिंग आणि बडबड ही दोन खाती माझ्याकडे. इंजिनाचं खातं भगवानकडे. भगवानची उमेदीची वर्षं बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या खाली गेली. तिथले नट-बोल्ट माणसाच्या मनगटाएवढे, आणि ते खोलून खोलून भगवानचं मनगट ट्रेलरच्या नट-बोल्टासारखं झालेलं. नंतर आम्ही कारचं गॅरेज टाकलं, पण भगवानच्या हाताला ही बातमी कोणी दिलीच नाही!

*

कारच्या इंजिनावर सगळ्यात वर एक झाकण असतं, टॅपेट कव्हर. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग. ते कडक झालं की ऑइल झिरपतं, गरम सायलेन्सरवर पडतं आणि बॉनेटमधून धूर. काम सोपं आहे. जुनं पॅकिंग काढा, जागा पुसा, नवीन बसवा, बोल्ट हलक्या हाताने आवळा.

‘हलक्या हाताने’ इथेच आमची गाडी अडते.

पहिल्याच गिऱ्हाइकाचं कव्हर आवळताना ‘टक्क’ असा आवाज आला. अर्धा बोल्ट आत, अर्धा भगवानच्या हातात. भगवानने तो तुकडा उजेडात धरून निरखला आणि निकाल दिला, “माल डुप्लिकेट हाय!”

बोल्ट कंपनीतून गाडीबरोबर आलेला होता.

भगवान तसाच समोर मगनशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. “शेठ, जरा मजबूत बोल्ट द्या.”

मगनशेठने चष्म्यावरून त्याच्या दंडाकडे पाहिलं. “भगवानभाई, बोल्ट बरोबर छे. तमेच जरा ढिले होऊन या ने!”

*

एकदा बंगल्याच्या कामावर आलेले एक साहेब गाडी घेऊन आले. फारच सभ्य माणूस. व्हिडिओ बघून सगळी तयारी करून आलेला. भगवानने पाना हातात घेतल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे टॉर्क रेंच आहे ना?”

आता हा पाना असा असतो की हवा तेवढाच जोर लागला की तो स्वतःच इशारा देतो. आमच्याकडे तो होता, पण कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं. भगवानने बाही वर केली आणि दंड फुगवून दाखवला. “हा काय साहेब!”

साहेब हसले. म्हणाले, “याचा इशारा कसा कळतो?”

तेवढ्यात ‘टक्क’ झालं.

“असा,” मी म्हणालो.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे आयेकडे. भगवानची आई. तिला सगळं गॅरेज आये म्हणतं, मगनशेठसुद्धा. जन्मभर मिठागरात राबलेली बाई. अंग काटक, आवाज खणखणीत.

आयेची बहीण सखुमावशी खाडीपलीकडे रेवसजवळच्या गावात. करंजाहून लाँचमध्ये बसलं की पलीकडे उतरायचं, इतकं जवळ. पण सखुमावशीचा मुलगा महेश पनवेलला बिल्डरकडे कामाला लागला, त्याने मोठी नवी गाडी घेतली आणि दिवाळीत सगळ्यांसमोर आयेला म्हणाला, “मावशी, तुमचं बरंय, लाँच आहे. गाडीचं टेन्शन नाही.”

तो बहुतेक सहज बोलला असेल. आयेने सहज ऐकलं नाही.

घरी येऊन तिने भगवानला सांगितलं, “सखूच्या नातीचा साखरपुडा माघात हाय. मी पोराच्या गाडीतनं जानार. पेन, वडखल, पोयनाड, सगल्या रस्त्यानं जानार. न्हायतर जानारच न्हाय!”

खाडीपलीकडे दिसणाऱ्या गावाला अख्खी खाडी वळसा घालून जायचं! पण आयेपुढे बोलणार कोण? भगवानने जुनी का होईना, एक गाडी घेतली. पांढरी, नीटस. आम्ही तिला हार घातला, नारळ फोडला, आयेला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी नाक्यापर्यंत गेली आणि बॉनेटमधून धूर निघाला. टॅपेट कव्हर गळत होतं.

आये दार उघडून उतरली, पदर खोचला आणि नाक्यावरच्या तमाम रिक्षावाल्यांसमोर म्हणाली, “चुलीपुढं जन्म गेला माजा. आता चूल घेऊन हिंडू व्हय?”

आणि चालत घरी आली. भगवान गाडी घेऊन तिच्या मागे, पहिल्या गियरमध्ये.

*

मिस्त्रीच्याच गाडीतून धूर! भगवानला जेवण जाईना. त्याने त्याच दिवशी नवीन पॅकिंग टाकलं आणि आईची गाडी म्हणून विशेष प्रेमाने आवळलं. प्रेम इतकं झालं की पॅकिंग चेपून कडेने बाहेर डोकावायला लागलं. रात्री आयेने भाकरीची परात गाडीखाली सरकवली. सकाळी परात बघून ती म्हणाली, “कालच्यापेक्षा बरकत हाय.”

मग भगवानचा पॅकिंगवरचाच विश्वास उडाला. त्याने सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली. केकवर क्रीम लावतात तसं. तरी एका कोपऱ्यातून झिरपायचं ते झिरपलंच. पण आता झाकण निघेना! मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, पाय बंपरला लावून ओढतोय. रस्त्याने जाणारा एक ट्रेलरवाला थांबला, ओळखीचाच.

“काय भगवान, इंजिन उतरवतोस काय?”

“न्हाय,” भगवान धापा टाकत म्हणाला, “झाकन उघडतंय.”

*

यानंतर आयेने सूत्रं हातात घेतली. “माज्यासमोर घ्यायचं पॅकिंग,” म्हणाली आणि मगनशेठच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. शेठने पाकीट फोडून पॅकिंग दाखवलं. आयेने ते ताणून पाहिलं, दाबून पाहिलं, वास घेतला.

“ही तर कुकरची रिंग हाय.”

“आये, इंजिनची छे,” शेठ म्हणाले.

“रिंग ती रिंग!” आये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान कामाला बसला तर पॅकिंग गायब. टेबलाखाली शोधलं, डिकीत शोधलं, माझ्या खिशातसुद्धा शोधलं. शेवटी भगवान मगनशेठवर जाऊन धडकला, “पाकीट रिकामं दिलंत!” शेठने आपल्या कुलदैवताची शपथ घेतली. दोघांचं जुंपलं. रस्त्यावर गर्दी. तेवढ्यात आये शांतपणे प्लास्टिकची पिशवी घेऊन आली.

पॅकिंग रात्रभर फ्रीजरमध्ये होतं.

“कुकरची रिंग सैल पडली की फ्रीजरात ठेवायची, घट्ट व्हते,” आये म्हणाली. “मंग ही का न्हाय?”

घट्ट झालं होतं खरं. शिवाय सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, पिशवीला खेटून ठेवल्यामुळे त्याला घरचा वासही लागला होता. भगवानने ते पुसून बसवलं, आणि हाताने पुन्हा करायचा तो घोटाळा केलाच. ऑइल गळलं ते गळलं, पण इंजिन तापल्यावर असा घमघमाट सुटला की नाक्यावरच्या मांजरी बॉनेटभोवती जमल्या. मगनशेठ पक्के शाकाहारी. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आतून ओरडले, “भगवानभाई, गाडी छे के मच्छी मार्केट?”

*

साखरपुडा उद्यावर आला. नवी साडी घडी घालून खुर्चीवर ठेवलेली आणि आये तिच्याकडे बघत बसलेली. मला खरंच वाईट वाटलं. थट्टा वेगळी, पण या बाईने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, आणि ते द्यायला तिचा पोरगा मिस्त्री असून कमी पडत होता.

मी भगवानला म्हणालो, “उजवा हात खिशात घाल.”

“का?”

“घाल म्हणतो ना! डाव्याने आवळ.”

भगवानचा डावा हात म्हणजे सासुरवाडीला गेलेला जावई, कशालाच हात लावायचा नाही. नवीन पॅकिंग, जागा आरशासारखी पुसलेली. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग समोरासमोरचे, थोडं थोडं करून. डाव्या हाताने तो पाना असा फिरवत होता की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय. झालं! मी म्हणालो, “आता हात लावायचा नाही.”

पण हाताला चैन कुठली? संध्याकाळभर तो गाडीभोवती फिरत होता. “दिल्या, अजून अर्धा आटा बसंल रं.”

“नाही.”

“पाव?”

शेवटी आयेने गॅरेजातले सगळे पाने पोत्यात भरले, घरी नेले, कपाटात घातले आणि चावी कमरेला खोचली. पुढे बारशात, लग्नात आम्ही हे सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं. त्या रात्री मिस्त्रीच्या घरात पाने कुलूपबंद होते आणि मिस्त्री मोकाट!

सकाळी आयेने परात ओढून काढली. आम्हीही खाली वाकलो. परातीत एक झुरळ होतं, बाकी काही नाही.

आयेने झुरळाकडे नीट पाहिलं. “हा आपला हाय,” म्हणाली. “गाडीचा न्हाय.”

*

आणि आम्ही निघालो. आये पुढे, मी मागे मोदकांच्या डब्याशेजारी. आयेने सगळ्या काचा खाली करायला लावल्या. “काचा लावल्या तर आत कोन हाय ते लोकांना कसं समजनार?” पेणला थांबलो तर चहा तिने गाडीत बसूनच मागवला. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये सगळे वैतागलेले आणि आये खूश, कारण तेवढा वेळ गाडीत जास्त! भगवान एका डोळ्याने रस्ता बघत होता आणि दुसऱ्याने बॉनेट. धूर नाही. वास नाही. पोयनाड मागे पडलं तेव्हा तो गुणगुणायला लागला होता.

सखुमावशीच्या अंगणात मांडव, पाहुणे, पोरंबाळं. आमची गाडी आत शिरली तसे सगळे उठले. आये पदर सावरत उतरली. बहिणीच्या गळ्यात पडायच्या आधी ती खाली वाकली, गाडीखाली पाहिलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशी म्हणाली, “टिपूस न्हाय!”

मग गळाभेट झाली. दोघी रडल्या, हसल्या. मी दुसरीकडे बघितलं, माझेही डोळे भरले होते.

तेवढ्यात महेश अलिबागहून पेढे घेऊन आला. नवी कोरी गाडी, काचा बंद, आत एसी फुल्ल. आमच्या गाडीशेजारीच त्याने ती उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरून आयेच्या पाया पडला. आयेने तोंडभर आशीर्वाद दिला आणि सवयीने त्याच्या गाडीखालीही वाकून पाहिलं. खाली छान थारोळं जमलं होतं. थेंब टपटपत होते.

आये हळूच सरळ झाली. “महेश, बाला,” ती मायेने म्हणाली, “तुजं पॅकिंग गेलंय रं.”

अर्धा मांडव गाडीखाली वाकून बघायला लागला.

“मावशी, ते तर एसीचं पाणी…” महेश बोलायला लागला.

“तू गप!” सखुमावशी ओरडली. “भगवान मिस्त्री हाय. तो सांगंल!”

सगळा मांडव भगवानकडे बघायला लागला. भगवानने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या माळांची वायरिंग तपासायला लागलो. मग त्याने आयेकडे पाहिलं, तिच्या नव्या साडीकडे पाहिलं, गुडघ्यावर बसला, त्या थारोळ्यात बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

“व्हय आये,” भगवान म्हणाला. “नव्या गाड्यांचं असंच असतं.”