भिरभिरीची फिरती सभा

लहानपणी ती अंगणात स्वतःभोवती गरगर फिरायची. पडली की आभाळ फिरतंय म्हणत हसत सुटायची. आईने तिचं नाव भिरभिरी पाडलं. मोठेपणी तिच्या हातात बसचं चाक आलं, तेही गोल फेरीच्या बसचं. म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, अशातली गत.

तीन लहान शहरं एकमेकांना खेटून होती. लोक त्यांना अजून गावंच म्हणत. वरच्या गावात भिरभिरीचं माहेर, खालच्या गावात सासर आणि मधल्या गावात डेपो. बस तिन्ही गावांना वळसा घालून सुटली तिथेच परत यायची. आईसुद्धा. ती रोज सकाळी वरच्या गावात चढायची, अख्ख्या फेरीचं तिकीट काढायची आणि चढली तिथेच उतरायची. बसायची बरोबर भिरभिरीच्या मागे. भिरभिरीच्या डोक्यावर छताला पाटी लावलेली होती : चालकाशी बोलू नये. आई नियम पाळायची. ती खिडकीशी बोलायची, जरा मोठ्याने.

"काही मुली सकाळी काही न खाता निघतात," ती खिडकीला सांगायची.

"खाल्लंय," भिरभिरी समोरच्या काचेला सांगायची.

या सुखावर गदा आली ती ओढ्यावरच्या पुलामुळे. पुलाची एक कड खचली, कठडा तुटला. डेपोच्या साहेबांनी सांगून टाकलं, दुरुस्ती झाली नाही तर महिनाअखेरीस गोल फेरी बंद. बस मधल्या गावातून खालच्या गावात जाणार आणि त्याच रस्त्याने परत येणार. वरचं गाव वगळलं. म्हणजे आईलाही वगळलं.

ओढ्याचा एक काठ वरच्या गावाचा, दुसरा मधल्या गावाचा आणि पाणी खालच्या गावाचं. पूल मात्र कुणाचाच नाही, असं तिन्ही नगरपालिका छातीठोकपणे सांगत. एकत्र बसून बोलावं, हे तिघांनाही पटत होतं. पण बसायचं कुणाच्या इमारतीत? दुसऱ्याची पायरी चढायला एकही अध्यक्ष तयार नव्हता.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," कंडक्टर म्हणाला.

"मग माझ्या बसमध्ये बसू दे त्यांना," भिरभिरी म्हणाली. "हिला पायरी आहे, पण ती कुणाच्या दारातली नाही."

ती तिघांच्याही घरी जाऊन आली. नियम तिनेच घातला. बस ज्या गावाच्या हद्दीत, सभा त्या गावाच्या अध्यक्षाची. हद्द ओलांडली की कंडक्टर घंटी वाजवणार आणि सभा पुढच्याच्या हातात जाणार. डबल बेल झाली की ठराव पास. तिघेही लगेच हो म्हणाले. प्रत्येकाला वाटलं, उरलेले दोघे आपल्या गावात येतायत.

वरच्या गावचे अध्यक्ष निवृत्त मास्तर होते. खालच्या गावच्या अध्यक्षा औषधांचं दुकान चालवत, त्यांना सगळे ताई म्हणत. मधल्या गावचे धान्याचे व्यापारी शेठ. देहाने भक्कम आणि 'नाही' म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आईचं तिकीट होतं, म्हणून आईही होती.

बस सुटली. मास्तरांची पाळी आली तेव्हा त्यांनी पूल या विषयाला आदिमानवापासून हात घातला. त्यांच्या भाषणातला पूल बांधून होण्याआधीच घंटी वाजली.

"माझं बोलणं व्हायचंय," मास्तर म्हणाले.

"तुमचं गाव संपलं, मास्तर," ताई म्हणाल्या.

मास्तरांनाच आधी हसू फुटलं. दुसऱ्या फेरीत तर सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. वळणावर तिघे एका बाजूला कलंडत, पुढच्या वळणावर दुसऱ्या. कंडक्टर मांडीवर थाप मारून हसत होता. फक्त शेठ गप्प होते.

"दुरुस्ती तिघांनी मिळून करायची?" ताईंनी विचारलं.

"हो," शेठ म्हणाले.

"पुढची देखभालही?"

"हो."

मास्तरांनी संधी साधली. "आणि आमचा कचरा तुमच्या हद्दीत?"

"हो हो. टाका."

कंडक्टरने दोरीला हात घातला. भिरभिरीने आरशात पाहिलं. शेठचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला होता. तो होकार तिला बसमधल्या कुणाहीपेक्षा जास्त हवा होता. तिने पुलाच्या अलीकडे ब्रेक दाबला.

"डबल बेल मारू नका," ती म्हणाली. "शेठना गाडी लागलीय. अशा माणसाचा होकार पोटात राहत नाही."

कंडक्टरने दोरी सोडली. आईने पिशवीतून लिंबू काढलं आणि ती उठली. "इथे बसा, शेठ. पुढे त्रास होत नाही. वास घ्या याचा."

शेठ तिच्या जागेवर बसले. बस हळू पुलावर चढली. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. चाकाखाली रस्ता दिसेना, नुसतं पाणी. त्यांनी भिरभिरीकडे वळून तोंड उघडलं, पाटी वाचली आणि मिटलं.

"खिडकीशी बोला," आई म्हणाली.

"रोज अशीच नेतात का हो गाडी?" शेठनी खिडकीला विचारलं.

"रोज," भिरभिरीने काचेला सांगितलं.

"खाली बघत?"

"समोर बघत. खाली बघायचं काम आईकडे."

पूल संपला. घंटी वाजली. आता सभा शेठची होती. त्यांनी लिंबू हुंगलं, रुमालाने तोंड पुसलं.

"कचऱ्याचं नाही," ते म्हणाले. "ते मी शुद्धीवर नसताना बोललो. पुलाचं हो. तिघांनी मिळून, पुढची देखभालही. आणि सभा दर महिन्याला इथेच. पण ही जागा माझी."

"महिन्यातून एकदा," आई म्हणाली. "बाकीचे दिवस माझी."

"कबूल."

ताईंनी मान डोलावली. मास्तरांनी कचऱ्यासाठी एक उसासा सोडला आणि हात वर केला. डबल बेल झाली.

डेपोचं वळण आलं आणि गेलं. भिरभिरी तिसऱ्या फेरीला लागली होती. मागून कुणीच हरकत घेतली नाही.

"काही मुलींना रस्ता आठवत नाही," आई दांड्याला धरून झुलत खिडकीला म्हणाली.

"आठवतो," भिरभिरी काचेला म्हणाली, आणि तिने पुढचं वळण जरा ऐटीतच घेतलं.