दुसऱ्या निरीक्षकाची सही

मी दोन वर्षं मेलेल्या ढोरांच्या जागेवर बसून गिधाडं मोजली. हे वाक्य मी पहिल्या भेटीत कुणाला सांगत नाही. "पक्ष्यांवर संशोधन करत होते" एवढंच म्हणते. मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोर येतो, फार तर बगळा. मी येऊ देते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही सुरतेत कोसाडला दोन खोल्यांत राहत होतो. वडील डाइंगच्या गिरणीत बॉयलरवर होते. आई कतारगामहून साड्यांचे गठ्ठे आणायची आणि दिवसभर त्यांवर टिकल्या चिकटवायची. आम्ही खानदेशातले, बौद्ध. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मी वडिलांना 'बा' म्हणायचे. गुजरातीत बा म्हणजे आई, त्यामुळे गल्लीतली पोरं चिडवायची की हिच्या बाला मिशा आहेत. बा स्वतःच त्यावर हसायचे. ते सहज हसणारे गृहस्थ होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर बांचं म्हणणं होतं की हजीऱ्याच्या एखाद्या कारखान्यात, प्रयोगशाळेत चिकटावं. पांढरा कोट, महिन्याचा पगार, कंपनीची बस. मला पीएच.डी. करायची होती. विद्यापीठ लांबच्या शहरात होतं, पण मार्गदर्शक सर सुरतेतल्याच एका कॉलेजात शिकवायचे, म्हणून घर न सोडता काम करता येणार होतं. सरांकडे आम्ही तिघं होतो. एकीला फुलपाखरं मिळाली. एकाला खाडीतले खेकडे मिळाले. मला शहराबाहेरची गिधाडं मिळाली. "ये काम सबके बस का नहीं," सर प्रेमाने म्हणाले, "तुमको जमेगा."

मलाच का जमेल, हे मी विचारलं नाही. माझं आडनाव अर्जावर होतंच. मला तेव्हाच कळलं होतं, आणि कळलं नाही असा चेहरा करून मी "थँक यू सर" म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण खोटं कशाला बोलू, पीएच.डी.ला नाव लागलं याचा आनंदही त्याच क्षणी होता.

ती जागा कोसाडच्या पलीकडे, उसाची शेतं संपल्यावर होती. आसपासच्या गोठ्यांतल्या मेलेल्या गाई-म्हशी तिथे आणून टाकत. दोन कुटुंबं कातडी काढायची. कडेला ताडाची झाडं होती आणि त्यांवर गिधाडं बसलेली असायची. आठवड्यातून दोनदा, ऊन चढल्यावर, मी बांधावर बसून तीनदा मोजायचे. वेळ, जनावरं किती, पक्षी किती, कुत्री किती, हे सगळं एका लांब रजिस्टरात लिहायचे. पहिल्या महिन्यात मला दर खेपेला उलटी व्हायची. दुसऱ्या महिन्यात मी तिथेच डबा खायला लागले. माणूस कशालाही सरावतो, हे काही कौतुकाने सांगत नाही.

गिधाडाला लोक उगाच घाण म्हणतात. पोट भरलं की ते पंख पूर्ण उघडून उन्हात उभं राहतं आणि एकेक पीस साफ करतं. त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा असतो, तो पंख उघडल्यावरच दिसतो. मला ती आवडायला लागली होती. मग ती कमी व्हायला लागली.

आधी मला वाटलं मीच चुकतेय. चार-चारदा मोजायचे. काही पक्षी फांदीवर मान खाली टाकून बसायचे, तासन् तास, दुसऱ्या खेपेला जावं तर तसेच. काही झाडाखाली पडलेले सापडायचे. कातडी काढणारे एक म्हातारे काका होते, ते एकदा सुरी पुसत म्हणाले, "बेन, गीध ओछा थई गया. हवे कूतरा वध्या." गिधाडं कमी झाली, कुत्री वाढली. त्यांच्या पोटावरही पाय येत होता. गिधाडं हाडं स्वच्छ करून द्यायची आणि ती हाडं विकली जायची. आता मांस हाडांवरच सडत होतं.

घरी मी "पक्षी बघायला जाते" एवढंच सांगितलं होतं. परतताना वाटेतल्या पंपावर हातपाय धुवायचे, ओढणी बदलायचे, केसांना लिंबू चोळायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार आठ महिने चालला. मग बांच्या गिरणीतल्या एकाने मला त्या बांधावर बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर बांना विचारलं, तुमची पोरगी ढोरं फाडायला कधीपासून जाते?

त्या संध्याकाळी बा घरी आले, चहाला हात लावला नाही. "तू तठे कसाले जास?" म्हणाले. तू तिथे कशाला जातेस.

मी म्हटलं, सरांनी विषय दिलाय.

"सरले दुसरं काही सापडनं नही का?" मग थोडं थांबून, "मना बापनी ते काम सोडं, म्हनीसन आपन आठे शेतस."

माझ्या बापाने ते काम सोडलं, म्हणून आपण इथे आहोत. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं. त्यापायी गावाने पाणी बंद केलं, बलुतं बंद केलं, आणि काही वर्षांनी बा सुरतेला आले. हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात 'ढोर' हा शब्दसुद्धा उच्चारत नसत. बा त्यानंतर माझ्याशी बोलायचे थांबले. ओरडले असते तर मी भांडले असते. ते ओरडले नाहीत. मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, मीठ माझ्याजवळ असलं तरी. असे पाच महिने गेले.

तिकडे सर माझे आकडे मानायला तयार नव्हते. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याने तिथेच भरपूर गिधाडं मोजली होती आणि त्यावर सरांचा लेख छापून आला होता. माझे आकडे दर महिन्याला खाली येत होते. "तू लांबूनच मोजतेस," सर म्हणाले. "वास सहन होत नसेल, समजू शकतो." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग दुसरा निरीक्षक आण. सलग सहा खेपा दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि दोघांच्या सह्या हव्यात. नाहीतर वार्षिक अहवाल पुढे जाणार नाही. अहवाल गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. वर्षभराचं काम पाण्यात, आणि परत कोण मला घेणार होतं?

फुलपाखरंवालीच्या हातापाया पडले. ती एकदा आली, दहा मिनिटांत ओकली आणि रिक्षाने परत गेली. खेकडेवाल्याने घरून परवानगी नाही म्हणून सांगितलं. काकांची सही चालेल का विचारलं, तर सर हसले. मी घरी येऊन आईजवळ रडले. बा आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मी थोडं मोठ्यानेच रडले, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

रविवारी सकाळी मी सायकल काढली, तर बा गल्लीत त्यांच्या सायकलवर एक पाय टेकवून उभे होते. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. "चाल, उशीर व्हई," म्हणाले. पाच महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य.

मला वाटलं होतं ते नाक दाबतील. त्यांनी दाबलं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते बांधावर उभे राहिले आणि झाडांकडे बघत राहिले. मी दुर्बीण दिली तर नको म्हणाले. त्यांचा आकडा आणि माझा आकडा एकच आला. तरी तसेच उभे राहिले. मग विचारलं, बाकीची कुठे गेली? म्हटलं, नाहीत. एवढीच आहेत.

त्यावर ते जे बोलले ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणी आजोबा ढोर सोलायला बसले की बांच्या हातात काठी असायची. कातडं निघेपर्यंत गिधाडांना लांब ठेवायचं, हे त्यांचं काम. चहूबाजूंनी दाटीवाटीने बसायची, म्हणाले, काठी उगारली की दोन पावलं मागे, हात खाली आला की तीन पावलं पुढे. सहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला लागतील एवढी उंच. आजोबा म्हणायचे, भिऊ नको, ती जिवंताला हात लावत नाहीत. आणि मग गिरणीतलं एक सांगितलं. आवारात एकदा गाय मरून पडली होती. शंभर माणसं कामावर होती. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बॉयलरवरून बांनाच हाक मारली. ते गेले नाहीत आणि आठवडाभर घरी बसवले गेले. आईला त्यांनी ताप आल्याचं सांगितलं होतं.

सहाही खेपांना ते आले. रजिस्टरात माझ्या सहीशेजारी सही करायचे, मराठीत, एकेक अक्षर सुटं. सहाव्या खेपेला झाडावर एकही गिधाड नव्हतं. एक खाली पडलेलं होतं. बांनी शून्य लिहिलं आणि सही केली.

सरांनी रजिस्टर बघितलं. "हे कोण?" वडील, म्हटलं. शिक्षण? सातवी. सर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मी कॉपी करताना सापडलेय. मग म्हणाले, घेऊन ये त्यांना.

बा सुट्टीच्या दिवशी आले. इस्त्री केलेला सदरा, खिशाला पेन. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं रीतसर. खोलीत फुलपाखरंवाली होती, खेकडेवाला होता, दारात शिपाई होता. सरांनी विचारलं, आप पक्षी पहचानते हैं? दूर से देखके गीध है या चील है, कैसे बोल सकते हैं?

"साब," बा म्हणाले, "गीध पहचाननेको हमको किसीने सिखाया नहीं. वो हमारे साथ जीमता था." आमच्याबरोबर जेवायचं ते.

आणि मग सगळं सांगितलं. काठीचं, आजोबांचं, सुरी कुठून लावायची आणि गिधाडं आधी कुठे तोंड घालतात ते. तोडक्यामोडक्या हिंदीत, नीट, क्रमाने. मध्ये सर "अच्छा, अच्छा" म्हणत लिहून घेत होते. शिपाई दारातून हलला नाही. फुलपाखरंवाली खाली बघत होती. जे आईलासुद्धा आडूनच माहीत होतं, जे मागे टाकण्यासाठी त्यांनी अख्खं गाव सोडलं, ते बा माझ्या अहवालासाठी परक्या लोकांपुढे मांडत होते. मला वाटत होतं, बा, पुरे करा. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की अजून थोडं सांगा, सर मान डोलावतायत. यातलं दुसरं वाटणं जास्त जोराचं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

बाहेर आल्यावर त्यांनी नळावर तोंड धुतलं आणि विचारलं, झालं का तुझं काम? झालं, म्हटलं.

काम झालंच होतं. अहवाल गेला. गिधाडं मात्र परत आली नाहीत. ती का मेली ते बऱ्याच वर्षांनी इतरांनी शोधून काढलं. ढोरांना दुखणं थांबवायला देतात ते एक औषध मेलेल्या ढोराच्या अंगात राहायचं, आणि ते खाऊन पक्षी मरायचे. मी फक्त ती नाहीशी होताना मोजली. काका पुढे गादीच्या कारखान्यात लागले.

प्रबंधाचा मसुदा सरांकडून परत आला तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलेलं एक वाक्य लाल शाईने खोडलेलं होतं. मी बांचं नाव आणि त्यापुढे 'दुसरे निरीक्षक' असं लिहिलं होतं. त्या जागी सरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'मृत जनावरे ओढणाऱ्या परंपरागत समाजातील एक स्थानिक माहितगार.' नाव नव्हतं. मी विचारायला गेले. सर समजुतीने म्हणाले, सातवी शिकलेला निरीक्षक परीक्षकांना चालत नाही, माहितगार चालतो, उलट त्याने वजन येतं. तुझीच पदवी आहे, बघ. अडला हरी म्हणून गप्प बसले असं सांगायला बरं वाटतं. पण मी नुसती गप्प बसले नाही. घरी जाऊन ते पान स्वतःच्या हाताने स्वच्छ उतरवून काढलं आणि टाइप करायला दिलं.

बांधलेली प्रत घरी आणली त्या दिवशी आईने खीर केली. बांनी हात धुऊन, पुसून, प्रत मांडीवर घेतली. पानं उलटली. सगळं इंग्रजी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"मनं नाव कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी ते पान काढलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत वाचल्यासारखं करून त्यांचं नाव आणि पुढे 'सेकंड ऑब्झर्व्हर' असं म्हटलं. मग मराठीत सांगितलं, दुसरे निरीक्षक. त्यांनी माझं बोट बाजूला केलं, तिथे स्वतःचं ठेवलं आणि आईला हाक मारून जवळ बसवलं. मला म्हणाले, परत वाच.

मी परत वाचलं. या खेपेला त्यांच्या नावाआधी 'श्री'ही लावलं.