शाळेपासून शंभर फूट

तो अर्ज माझ्याच अक्षरातला होता. लोकांना सांगताना मी हे टाळत नाही, कारण टाळलं की राग नुसता दुसऱ्यांवर काढता येतो, आणि ते मला मान्य नाही.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. धुळ्याकडचं, बऱ्यापैकी मोठं गाव होतं, एवढं पुरे. सत्तर सालच्या आसपास मी तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर जळगावचं. वडील तिथे कोर्टात कारकून होते आणि दिवसभर गालात तंबाखू धरून असायचे. त्याच गालाला गाठ आली. शेवटचे चार महिने त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. मला पाटीवर लिहून सांगायचे, काय हवं ते. म्हणून सातवीच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत मुतारीमागे विड्या ओढताना सापडली, तेव्हा मी त्यांना मारलं नाही. घरी गेले आणि अर्ज लिहायला बसले.

विड्या कुठून येतात ते शोधायला लांब जायला नको होतं. फाटकाशेजारी लिंबाखाली अक्का बसायची. साठीची विधवा बाई, मूळची नरडाण्याजवळच्या खेड्यातली. पोत्यावर बोरं, चिंचा, शेंगदाणे, पेपरमिंट, आणि कोपऱ्यात विडीचे चारदोन कट्टे. रस्त्यापलीकडे, बरोबर फाटकासमोर, तंबाखूचं पक्कं दुकान होतं. जर्द्याची पोती, विड्यांचे पुडे, सिगारेटी, सगळं. दुकानदाराला गाव नाना म्हणायचं. नानाचा मेहुणा पालिकेत निवडून आलेला सभासद. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

मी लिहिलं होतं: 'शाळेच्या हद्दीपासून शंभर फुटांच्या आत विडी, सिगारेट व तंबाखू विकण्यास मनाई करावी.' घरोघर फिरून पालकांच्या सह्या घेतल्या. एका सुताराने सही करताना कानावरची विडी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "बाई, आमचं गेलं ते गेलं, पोरांचं वाचवा." हेडमास्तरांनी शिक्का मारला. दोन महिन्यांत ठराव झाला. मला इतका आनंद झाला की मी वर्गात पेढे वाटले. आज त्या पेढ्यांची आठवण आली तरी कान तापतात.

सोमवारी मी वाचन घेत होते. बाहेर आरडाओरड झाली म्हणून खिडकीशी गेले. पालिकेचा इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई अक्काचं पोतं उचलत होते. बोरं रस्त्यावर सांडली होती. अक्का वाकून ती पदरात भरत होती, आणि नाना आपल्या गादीवर बसून बघत होता.

मी धावत बाहेर आले. "बोरं कशाला नेताय? विड्या न्या फक्त," मी म्हणाले.

"बाई, तुमच्याच अर्जावर आलोय," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने सायक्लोस्टाईल केलेला कागद माझ्या हातात दिला.

मी वाचला. माझंच वाक्य होतं. फक्त मध्ये दोन शब्द जास्त होते: 'रस्त्यावर बसून.' शंभर फुटांच्या आत रस्त्यावर बसून विकण्यास मनाई. दुकानात बसून विकायला मनाई नाही.

पोतं हातगाडीवर टाकून ते निघून गेले. अक्का माझ्याकडे बघत उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, माले सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "तुमनं म्हननं खरंच शे. पन नियम मालेच का बरं? बठ्ठासले नही का?"

सगळ्यांना का नाही, ते माझ्या हातातल्या कागदावर होतं. मी तिला सांगायला का गेले नव्हते? पालकांच्या पन्नास घरी गेले, आणि रोज जिच्या समोरून आत जायचे तिच्याशी दोन शब्द बोलले नाही. तिने त्याच दिवशी विड्या बंद केल्या असत्या, याची मला आजही खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन मी पालिकेत गेले. तिथल्या मुख्याधिकारी साहेबांनी आम्हाला तासभर बाकावर बसवलं. मग आत बोलावलं. अक्काला बसायला सांगितलं नाही, म्हणून मीही उभीच राहिले.

"हे दोन शब्द कोणी घातले?" मी विचारलं.

साहेबांनी सिगारेट पेटवली. "ठराव सभेत दुरुस्त होतो, बाई. समोरच्या दुकानवाल्यांकडे परवाना आहे. परवानाधारकाला उठवता येत नाही."

"आणि पोरं तिथून विड्या घेतात, त्याचं काय?"

"ते शिस्तीचं काम. ते तुमचं." मग जरा हळू आवाजात, "तुम्ही पालिकेच्याच नोकर आहात ना?"

अक्काला बोरं विकायची परवानगी द्या, एवढं तरी द्या, म्हणून मी तिथेच दुसरा अर्ज लिहिला. त्यावर उत्तर कधी आलं नाही. अक्काने आठ दिवस वाट पाहिली आणि लेकीकडे खेड्यात निघून गेली. जाताना शाळेत आली होती. मला रडू आलं तर मलाच म्हणाली, "रडू नका बाई. मी करसू काहीबी."

पोरं आता रस्ता ओलांडून नानाच्या दुकानात जाऊ लागली. मुतारीमागचा धूर होता तसाच राहिला.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी माझ्या हातात आली, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुणे: नाना. पाण्याच्या टाकीसाठी त्यांनी देणगी दिली होती. त्यांनी 'विद्यार्थी आणि चांगल्या सवयी' यावर भाषण केलं. पुढच्या रांगेत सातवीची तीच पोरं टाळ्या वाजवत होती.

आभार मानायला मी माइकसमोर गेले. लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "पाहुण्यांचं दुकान शाळेपासून चाळीस फुटांवर आहे. तिथे आपली मुलं विड्या घेतात. हे बंद होईपर्यंत मी त्यांचे आभार मानणार नाही."

मंडपात मागून कोणीतरी एकटंच टाळी वाजवू लागलं. तो कानावर विडी ठेवणारा सुतार होता. हेडमास्तरांनी माझ्या हातातून माइक घेतला.

आठवड्यात बदलीचा कागद आला, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. मी गेले. नवीन शाळेसमोर तंबाखूचं दुकान नव्हतं. कारण तिथे रस्ताच नव्हता.

चार वर्षांनी नरडाण्याच्या स्टेशनवर मला अक्का भेटली. कापूस वेचून आली होती, बोटं ओरबाडलेली. "साळा कशी शे?" तिने विचारलं. मी 'बरी आहे' म्हणाले. मग गाडी आली आणि मी चढले. तिच्या बोरांचं पोतं अजून पालिकेच्या कोठारात पडलंय का, हे मी कधीच विचारायला गेले नाही. त्या साहेबाचा, नानाचा राग आहेच. पण या न विचारण्याचा राग त्याहून मोठा आहे, आणि तो कुणावर काढू?